मुक्तिवेगाचे गणित: ग्रहाला हिशेबात कधी धरायचे

मुक्तिवेगाचे, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचे सुटायला लागणाऱ्या किमान वेगाचे, सूत्र अकरावीपासून पाठ असते आणि पृथ्वीसाठी ११.२ किमी/से हे उत्तरही. तरीही या धड्यावरची जरा वेगळी गणिते चुकतात, आणि बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. यान वर जाताना ग्रहालाही खेचते. त्या ओढीमुळे ग्रहाला मिळालेला संवेग (वस्तुमान × वेग) आणि ऊर्जा कुठे सोडून द्यायची आणि कुठे धरायची, हे न ठरवताच समीकरण मांडले जाते. खालची सगळी उदाहरणे हा निर्णय कसा घ्यायचा यासाठीच आहेत.

आधी एकके

किलोमीटर आणि सेकंद वापरा. जी (गुरुत्व स्थिरांक) आणि एम (ग्रहाचे वस्तुमान) वेगवेगळे घेऊन दहाचे मोठमोठे घात गुणत बसू नका. त्यांचा गुणाकार जीएम हा एकच आकडा ठेवा. यानांच्या मागोव्यावरून हा गुणाकार थेट आणि फार अचूक मोजता येतो, जी मात्र एकटा तितका अचूक माहीत नाही. लागणारे आकडे असे:

पृथ्वी: जीएम ३,९८,६०० किमी³/से², त्रिज्या ६,३७१ किमी
मंगळ: जीएम ४२,८३० किमी³/से², त्रिज्या ३,३९० किमी
चंद्र: जीएम ४,९०३ किमी³/से², त्रिज्या १,७३७ किमी

याचा आणखी एक फायदा आहे. ऊर्जा दर किलोमागे काढली की तिचे एकक किमी²/से² येते, आणि १ किमी²/से² म्हणजे बरोबर १ मेगाज्यूल प्रति किलो. रूपांतर करायची गरजच उरत नाही.

पायरी पहिली: एकटा ग्रह, हलके यान

दर किलोमागची एकूण ऊर्जा लिहा: वेगाचा वर्ग भागिले दोन, वजा जीएम भागिले केंद्रापासूनचे अंतर. ही बेरीज शून्य किंवा धन आली की यान सुटले, ऋण आली की अडकले. बेरीज शून्य धरली की मुक्तिवेग² = २ × जीएम ÷ अंतर. पृथ्वीच्या पृष्ठभागासाठी हा वर्ग १२५.१ येतो, म्हणून मुक्तिवेग ११.१९ किमी/से. मंगळासाठी ५.०३ आणि चंद्रासाठी २.३८. पृथ्वीवरून एक किलो वस्तू कायमची बाहेर काढायला ६२.६ मेगाज्यूल लागतात, तेही हवेचा विरोध सोडून.

इथल्या दोन चुका नेहमीच्या. पहिली, अंतराच्या जागी उंची घालणे. ४०० किमी उंचीवर अंतर ६,७७१ किमी असते. दुसरी, वेगांची सरळ वजाबाकी. पृथ्वीवरून १२ किमी/से वेगाने सोडलेली वस्तू खूप दूर गेल्यावर तिचा किती वेग उरेल? १२ वजा ११.१९ म्हणजे ०.८ असे उत्तर सर्रास लिहिले जाते. वजाबाकी ऊर्जांची असते, म्हणजे वर्गांची: १४४ − १२५.१ = १८.९, आणि उरलेला वेग ४.३ किमी/से. मुक्तिवेगापेक्षा थोडासाच जास्त दिलेला वेग दूरवर बराच मोठा होऊन उरतो. मंगळाकडे यान पाठवणे आवाक्यात येते ते यामुळेच.

मुक्तिवेगाला दिशा लागत नाही असे आपण शिकतो. ऊर्जेच्या समीकरणात दिशा नाही, म्हणून ते खरे आहे. अट एवढीच की वाट ग्रहाच्या पोटातून जाता कामा नये. जमिनीच्या सापेक्ष वेग विचारला की मात्र दिशा परत येते, कारण जमीन स्वतः फिरते आहे. विषुववृत्तावर तिचा वेग ०.४६५ किमी/से, आणि श्रीहरिकोटा सुमारे १३.७ अंश उत्तरेला असल्याने तिथे ०.४५२. तिथून पूर्वेकडे आडवे सोडले तर जमिनीच्या सापेक्ष १०.७३ किमी/से पुरतात. सरळ वर सोडले तर ०.४५२ आणि वरचा वेग काटकोनात मिळतात, त्यामुळे ११.१८ लागतातच. जमिनीच्या वेगाचा जवळपास सगळा फायदा वाया गेला.

पायरी दुसरी: ग्रह खरोखर स्थिर आहे का?

आतापर्यंत ग्रह जागचा हलत नाही असे धरले. ते किती बरोबर आहे हे संवेगावरून तपासा. १,००० किलोची वस्तू ११.२ किमी/से वेगाने सोडली तर पृथ्वीला उलट दिशेने तेवढाच संवेग मिळतो. ऊर्जा मात्र समान वाटली जात नाही. सारख्या संवेगाला वस्तुमान जितके जास्त तितकी गतिज ऊर्जा कमी, म्हणून पृथ्वीचा वाटा वस्तूच्या वाट्याच्या तुलनेत १,००० किलो भागिले पृथ्वीचे वस्तुमान इतका, म्हणजे नगण्य. संवेग अर्धा-अर्धा आणि ऊर्जा जवळपास सगळी हलक्याची, हे वाक्य लक्षात ठेवा. ते लागू पडण्यासाठी एक अट आहे, ती पुढे येईल.

दोन्ही वस्तू जड असतील तर हे चालत नाही. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन पाहा. प्लूटोचा जीएम ८६९, शॅरनचा १०६ किमी³/से², आणि त्यांच्यातले अंतर १९,६०० किमी. शॅरनला प्लूटोपासून कायमचे तोडायचे तर परस्परांच्या सापेक्ष किती वेग हवा? प्लूटो स्थिर धरला तर २ × ८६९ ÷ १९,६०० चे वर्गमूळ, म्हणजे २९८ मी/से. हे उत्तर कमी आहे. दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्रावर बसून पाहिले की एकूण संवेग शून्य असतो, आणि ऊर्जेचे समीकरण सापेक्ष वेगात लिहिले की जीएमच्या जागी दोघांच्या जीएमची बेरीज येते: २ × ९७५ ÷ १९,६००, म्हणजे ३१५ मी/से. मग तो वेग वस्तुमानांच्या उलट प्रमाणात वाटा. शॅरनच्या वाट्याला २८१ आणि प्लूटोच्या वाट्याला ३४ मी/से येतात. २९८ या उत्तरावर विसंबणारा शॅरनला सोडवू शकणार नाही, ती परत फिरेल.

नियम सोपा ठेवा: दुसऱ्या वस्तूचे वस्तुमान पहिल्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त असेल तर बेरीज घ्या. एक टक्क्याच्या वस्तुमानाने वेगात अर्ध्या टक्क्याची चूक येते, त्यापुढे ती उत्तरात दिसू लागते.

पायरी तिसरी: कक्षेत फुटलेला उपग्रह

परीक्षेत हे गणित वारंवार येते आणि त्यात ऊर्जा व संवेग दोघांचीही कसोटी लागते. ४०० किमी उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत १,००० किलोचा उपग्रह आहे. स्फोट होऊन त्याचे ५००-५०० किलोचे दोन तुकडे होतात, दोन्ही मूळ गतीच्या रेषेतच. पुढचा तुकडा जेमतेम पृथ्वीबाहेर जातो. स्फोटातून किमान किती ऊर्जा मिळाली?

कक्षेतला वेग जीएम ÷ ६,७७१ चे वर्गमूळ, ७.६७ किमी/से. तिथला मुक्तिवेग त्याच्या √२ पट, १०.८५. पुष्कळ जण इथून थेट ऊर्जेवर उडी मारतात: ५०० किलोला ७.६७ वरून १०.८५ वर न्यायचे, म्हणजे दर किलोमागे २९.४ मेगाज्यूल, एकूण सुमारे १४,७०० मेगाज्यूल. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. दुसरा तुकडा हिशेबातून गळाला.

क्रम असा ठेवा. स्फोटाच्या क्षणापुरती यांत्रिक ऊर्जा अक्षय्य राहत नाही, कारण रासायनिक ऊर्जा आत येते. संवेग मात्र राहतो. म्हणून आधी संवेग: २ × ७.६७ = १०.८५ + दुसऱ्याचा वेग. दुसऱ्याचा वेग ४.४९ किमी/से. तो पुढेच जातो आहे, पण मंदावला आहे, आणि मंदावताना त्याने दर किलोमागे १९.३ मेगाज्यूल गमावले, एकूण सुमारे ९,६७०. ही ऊर्जा पहिल्या तुकड्याच्या कामी आली. स्फोटाला द्यावी लागली ती फक्त उरलेली, सुमारे ५,०५० मेगाज्यूल. पडताळा सापेक्ष वेगावरून घ्या: तुकडे ६.३६ किमी/से वेगाने दूर जातात, दोघांचे समतुल्य वस्तुमान ५०० × ५०० ÷ १,००० = २५० किलो, आणि अर्धे × २५० × ६.३६² तेवढेच भरते.

मागच्या तुकड्याचे काय होते? आता स्फोट संपला, तेव्हा ऊर्जा पुन्हा अक्षय्य. सरळ रेषेतला संवेग अक्षय्य नाही, कारण पृथ्वी ओढते आहे. पण ओढ केंद्राकडे असल्याने कोनीय संवेग (केंद्रापासूनचे अंतर × त्या अंतराला काटकोनातला संवेग) टिकतो. या दोघांवरून त्याचे केंद्रापासूनचे सर्वांत कमी अंतर १,४०० किमी येते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१, म्हणजे तो वातावरणात पडणार.

गुरुत्व असताना स्फोटाला संवेगाचा नियम लावला तो कशाच्या जोरावर? ४०० किमीवर गुरुत्वत्वरण ८.७ मी/से² आहे. स्फोट सेकंदाच्या शंभराव्या भागात झाला तर गुरुत्व वेगात ०.०९ मी/से इतका फरक करते, आणि तुकडे ६,३६० मी/से वेगाने सुटत आहेत. म्हणून चालते. दीर्घ काळ पेटणाऱ्या इंजिनाला हेच डोळे झाकून लावले तर चालत नाही.

दोन उपग्रह समोरासमोर धडकून चिकटले, या प्रकारच्या गणितातही हाच क्रम: धडकेपुरता संवेग, त्याआधी आणि त्यानंतर ऊर्जा.

रॉकेट म्हणजे असंख्य छोटे स्फोट

रॉकेट वायू मागे टाकते, तेव्हा प्रत्येक क्षणाला वरचेच गणित घडते. सगळे क्षण जोडले की वेगातली वाढ = वायूचा वेग × (सुरुवातीचे वस्तुमान ÷ शेवटचे वस्तुमान) याचा नैसर्गिक लॉगरिदम. हे निव्वळ संवेगातून येते. ऊर्जा कुठे गेली हे स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि तिथेच या विषयातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट दडली आहे.

मंगळयानाचे आकडे घ्या. ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्ही-सी२५ ने ते लांबट कक्षेत सोडले. मग दर वेळी उपभू बिंदूजवळ, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना, इंजिन पेटवून अपभू अंतर, म्हणजे कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूचे अंतर, वाढवत १,९२,८७४ किमी उंचीपर्यंत नेले. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर ४४० न्यूटनचे इंजिन १,३२८.८९ सेकंद चालले आणि वेग ६४७.९६ मी/से ने वाढला. उपभू उंची सुमारे २५० किमी धरून हिशेब करू.

केंद्रापासूनची अंतरे: जवळचे ६,६२१ च्या आसपास, दूरचे १,९९,२४५. ऊर्जा आणि कोनीय संवेग ही दोन समीकरणे सोडवली की उपभूला वेग १०.७९ किमी/से आणि अपभूला ०.३६ येतो. दर किलोमागे एकूण ऊर्जा −१.९४ मेगाज्यूल, म्हणजे यान अजून बांधलेले आहे, पण अगदी सैल.

आता तेच ६४८ मी/से दोन ठिकाणी देऊन पाहा. ऊर्जेतली वाढ म्हणजे वेग × वेगवाढ + वेगवाढीचा वर्ग भागिले दोन. उपभूला ती ६.९९ + ०.२१ = ७.२० मेगाज्यूल. एकूण ऊर्जा +५.२६, आणि पृथ्वीपासून दूर गेल्यावर उरणारा वेग सुमारे ३.२ किमी/से. अपभूला तीच वेगवाढ फक्त ०.४४ मेगाज्यूल देते, एकूण −१.५ राहते, आणि यान पृथ्वीभोवतीच फिरत राहते. इंधन सारखे, इंजिन सारखे, आणि एका जागी मंगळ तर दुसऱ्या जागी काहीच नाही.

जास्तीची ऊर्जा आली कुठून, याचे उत्तर फुटलेल्या उपग्रहाच्या मागच्या तुकड्यात आहे. अशा द्रवइंधन इंजिनातून वायू सुमारे ३ किमी/से वेगाने बाहेर पडतो. उपभूला इंधन यानासोबत १०.७९ ने पळत होते, बाहेर पडल्यावर ७.७९ वर आले. दर किलो इंधनाने जवळपास २८ मेगाज्यूल गतिज ऊर्जा मागे सोडली, आणि ती यानाला मिळाली. अपभूला इंधन जवळजवळ थांबलेले होते; तिथे वायूच २.६४ किमी/से वेगाने उलट दिशेला पळाला आणि ज्वलनाची बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन गेला.

आपला हिशेब खऱ्याच्या जवळ आहे का, हे तपासायची एक झटपट युक्ती: जोर × वेळ ÷ वेगवाढ = सरासरी वस्तुमान. ४४० × १,३२८.८९ ÷ ६४८ म्हणजे ९०२ किलो. निघताना यान १,३३७ किलोचे होते आणि कक्षा वाढवताना बरेच इंधन खर्ची पडले होते, तेव्हा आकडा पटतो. ३ किमी/से च्या वायुवेगाने या एका प्रज्वलनात त्या वेळच्या वस्तुमानाचा सुमारे १९ टक्के भाग जळाला असे लॉगरिदमचे सूत्र सांगते. मात्र २२ मिनिटांत यान दहा हजार किलोमीटरहून जास्त पुढे जाते. सगळी वेगवाढ एकाच बिंदूवर मिळाली हे आपले गृहीतक इथे ताणले जाते, त्यामुळे ३.२ हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तच धरा.

सूर्यमालेबाहेर जाताना: १३.८ की १६.७?

आता वर राखून ठेवलेली अट. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सोडलेली वस्तू सूर्याच्याही गुरुत्वातून सुटावी, तर किमान वेग किती? सूर्याचा जीएम १३,२७१ कोटी किमी³/से², अंतर १४.९६ कोटी किमी. तिथे सूर्यापासूनचा मुक्तिवेग ४२.१२, पृथ्वीचा कक्षीय वेग २९.७८ किमी/से.

पहिली पद्धत: सूर्याच्या चौकटीत, म्हणजे सगळे वेग सूर्याच्या सापेक्ष मोजून, एकच ऊर्जा समीकरण. वेग² = ४२.१२² + ११.१९², वेग ४३.५८. त्यातून पृथ्वीचा २९.७८ वजा, उत्तर १३.८ किमी/से.

दुसरी पद्धत: दोन टप्पे. पृथ्वीपासून दूर गेल्यावर पृथ्वीच्या सापेक्ष ४२.१२ − २९.७८ = १२.३४ उरायला हवेत. मग पृथ्वीच्या चौकटीत वेग² = १२.३४² + ११.१९², उत्तर १६.७ किमी/से.

दोन्हींत ऊर्जा अक्षय्यताच वापरली. बरोबर आहे ते १६.७. पहिल्या पद्धतीत पृथ्वीला वगळले, आणि सूर्याच्या चौकटीत तिला वगळता येत नाही.

कारण संवेगात आहे. पृथ्वीच्या ओढीमुळे वस्तूचा वेग १६.६६ वरून १२.३४ वर येतो, ४.३२ किमी/से ने घटतो. तेवढा संवेग पृथ्वीला मिळतो. पृथ्वी स्थिर दिसत असेल तर त्याची ऊर्जा शून्याजवळ. पण पृथ्वी आधीच २९.७८ ने पळत असेल तर तिच्या ऊर्जेतली वाढ म्हणजे तिचा वेग × मिळालेला संवेग, वस्तूच्या दर किलोमागे २९.७८ × ४.३२ = १२८.७ मेगाज्यूल. पृथ्वीच्या वेगात पडलेला फरक मोजण्याच्याही पलीकडचा लहान, तरी ऊर्जा ६२.६ च्या दुप्पट. सूर्याच्या चौकटीत पडताळा: सुटताना ४६.४४² ÷ २ = १,०७८.३, शेवटी ४२.१२² ÷ २ = ८८७. फरक १९१.३. त्यातले ६२.६ पृथ्वीच्या ओढीतून बाहेर पडायला लागले, १२८.७ पृथ्वीने घेतले. हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो.

म्हणून ‘ऊर्जा जवळपास सगळी हलक्याची’ हे वाक्य फक्त ग्रह स्थिर दिसणाऱ्या चौकटीतच वापरा. ग्रह हलत असेल तर एक तर त्याच्या चौकटीत जा, किंवा त्याच्या ऊर्जेतला फरक समीकरणात लिहा. न्यू होरायझन्स यान १९ जानेवारी २००६ ला निघाले, तेव्हा त्याला पृथ्वीच्या सापेक्ष सुमारे १६.२६ किमी/से वेग द्यावा लागला. इंजिन बंद होईपर्यंत ते पृष्ठभागाच्या बरेच वर गेले होते, म्हणून आकडा १६.७ पेक्षा थोडा खाली आहे. व्हॉयेजर यानांनी हीच देवाणघेवाण उलट्या दिशेने केली: गुरूजवळून जाताना त्याच्या प्रचंड कक्षीय ऊर्जेतला किंचित वाटा उचलला, आणि ती सूर्यापासून सुटली.

सरावासाठी हेच मंगळावरून करा. मंगळाचा कक्षीय वेग २४.१३, त्या अंतरावर सूर्यापासूनचा मुक्तिवेग ३४.१२, मंगळाचा स्वतःचा ५.०३ किमी/से. उत्तर ११.१८ यायला हवे. पृथ्वीच्या मुक्तिवेगाशी ते जवळपास जुळते हा निव्वळ योगायोग. १०.३६ आले तर मंगळाला दिलेली ऊर्जा लिहायची राहिली आहे, आणि १५.०२ आले तर वर्गांऐवजी वेगांची बेरीज झाली आहे.